अंतर्कर्णाच्या चेतापेशी, न्यूरोट्रॉफिन आणि कॅल्शियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेताविज्ञानाचे विद्यार्थी, ऑडिओलॉजी शिकणारे आणि कॅल्शियम इमेजिंगला नव्याने हात घालणारे यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आधी जीवशास्त्र, मग प्रयोग आणि शेवटी उपचारांविषयी थोडं, असा क्रम ठेवला आहे.

‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ कानातल्या चेतापेशींवर काम करतो का?

फारसा नाही, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर म्हणजे एनजीएफ हे एका विशिष्ट प्रथिनाचं नाव आहे. त्याच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. हे प्रथिन मुख्यतः ‘ट्रक-ए’ ग्राहीवर (पेशीपटलातल्या, संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर) बसतं. कानातल्या संवेदी चेतापेशी मात्र जगण्यासाठी त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या दोघांवर अवलंबून असतात. एक बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ह्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर), त्याचा ग्राही ट्रक-बी. दुसरा एनटी-३ (न्यूरोट्रॉफिन-३), त्याचा ग्राही ट्रक-सी. या कुटुंबाला न्यूरोट्रॉफिन म्हणतात. ‘एनजीएफ टाकला, काहीच दिसलं नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा प्रयोगात चूक नसते, घटकच चुकीचा निवडलेला असतो.

दोघांची गरज किती मोठी आहे हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत दिसतं. एनटी-३ नसेल तर कॉक्लियाच्या, म्हणजे ऐकण्याच्या शंखाकृती अवयवाच्या, सुमारे ८५ टक्के चेतापेशी नाहीशा होतात, बीडीएनएफ नसेल तर तोल सांभाळणाऱ्या व्हेस्टिब्युलर चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के जातात. दोन्ही नसतील तर अंतर्कर्णातल्या संवेदी चेतापेशी जवळजवळ उरतच नाहीत.

या पानावर ‘अंतर्कर्णाच्या चेतापेशी’ म्हणजे कोणत्या?

मुख्यतः स्पायरल गँग्लियनच्या, म्हणजे कॉक्लियातल्या चेतापेशींच्या गुच्छातल्या. माणसाच्या एका कानात त्या साधारण ३०,००० ते ३५,००० असतात. त्यातल्या ९० ते ९५ टक्के पहिल्या प्रकारच्या. त्या आतल्या केसपेशींकडून (कंपनं टिपणाऱ्या संवेदी पेशींकडून) ध्वनीची माहिती उचलून मेंदूच्या खोडाकडे नेतात. दुसऱ्या प्रकारच्या मोजक्या पेशी बाहेरच्या केसपेशींशी जोडलेल्या असतात. व्हेस्टिब्युलर गँग्लियनचा उल्लेख जिथे येईल तिथे तो स्पष्ट केला आहे.

पेशीत कॅल्शियम ‘वाढतं’ म्हणजे किती?

विश्रांतीत चेतापेशीच्या आत मुक्त कॅल्शियम १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं. बाहेरच्या द्रावात ते १ ते २ मिलिमोलर, म्हणजे दहा हजार पटींहून जास्त. एवढा उतार असल्यामुळे एखादी वाहिनी क्षणभर उघडली तरी आतली पातळी उसळते. न्यूरोट्रॉफिनमुळे होणारी वाढ त्या मानाने लहान आणि संथ असते. पोटॅशियम देऊन मिळणाऱ्या टोकदार उसळीसारखी ती दिसेल, ही अपेक्षा सुरुवातीलाच सोडून द्यावी.

बीडीएनएफ पेशीच्या बाहेर बसतो, मग आत कॅल्शियम कसं हलतं?

बीडीएनएफची जोडी बसली की दोन ट्रक-बी रेणू एकत्र येतात आणि एकमेकांच्या टायरोसिनांवर फॉस्फेट चढवतात. तिथून तीन वाटा फुटतात. रॅस-ईआरके आणि पीआय३-कायनेज–एकेटी (कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं विकर) या दोन वाटा प्रामुख्याने जगणं आणि वाढ यांच्या. तिसरी फॉस्फोलायपेज सी-गॅमाची, म्हणजे पीएलसी-गॅमाची. कॅल्शियमची थेट वाट हीच.

पीएलसी-गॅमा पेशीपटलातल्या पीआयपी-२ या मेदरेणूचे दोन तुकडे करतं, आयपी-३ आणि डीएजी. आयपी-३ एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठारावरच्या ग्राहीवर बसतं आणि तिथला साठा बाहेर सोडतं. याच वाटेने पेशीपटलातली टीआरपीसी-३ वाहिनी उघडू शकते. बीडीएनएफ देताच टीआरपीसी-३ मधून प्रवाह वाहतो हे मेंदूच्या पॉन्समधल्या चेतापेशींत १९९९ मध्ये दाखवलं गेलं. या वाहिनीतून सोडियमही आत येतं, पटलाचा विद्युतदाब चढतो, आणि मग व्होल्टेजवर चालणाऱ्या कॅल्शियम वाहिन्या उघडण्याची शक्यता निर्माण होते. एकाच वाढीत तीन उगम मिसळलेले असू शकतात, म्हणून ‘कॅल्शियम वाढलं’ एवढं निरीक्षण पुरत नाही.

ही पीएलसी-गॅमाची वाट कानात खरोखर काही करते, की फक्त पाठ्यपुस्तकातली आकृती आहे?

करते, आणि याचं उत्तर व्हेस्टिब्युलर भागाने दिलं आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ट्रक-बी वरची फक्त पीएलसी-गॅमा चिकटण्याची जागा एका बिंदू-उत्परिवर्तनाने निकामी केली होती. बाकीचा ग्राही शाबूत. कॅल्शियमची वाट जीव वाचवत असती तर पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या असत्या. तसं झालं नाही. पेशी बऱ्यापैकी जगल्या आणि त्यांचे तंतू संवेदी पटलापर्यंत पोचलेही. बिघाड झाला तो पटलाच्या आत शिरल्यावर. तंतूंचं मार्गक्रमण विस्कटलं, टीआरपीसी-३ चं अस्तित्व बदललं, आणि पहिल्या प्रकारच्या व्हेस्टिब्युलर केसपेशीला पेल्यासारखा कवेत घेणारा चेतातंतूचा ‘कॅलिक्स’ नीट घडला नाही. टोकं बटणासारखीच राहिली.

न्यूरोट्रॉफिन आणि कॅल्शियम यांचं नातं समजून घ्यायला यापेक्षा स्वच्छ प्रयोग सापडणं कठीण. जगवणं हे मोठ्या अंशी इतर वाटांचं काम आहे. नेमक्या जागी पोचून नेमका सांधा घडवणं हे काम या वाटेशिवाय नीट होत नाही.

पण कॅल्शियम वाढवलं की स्पायरल गँग्लियनच्या पेशी जगतात, असंही वाचायला मिळतं. खरं काय?

तेही खरं आहे, एका अटीवर. १९९७ चं मूळ काम उंदीरकुळातल्या नवजात पिल्लांच्या पेशींवरचं आहे. माध्यमात पोटॅशियम वाढवून पेशींचा विद्युतदाब चढता ठेवला, तर त्या न्यूरोट्रॉफिनवर जगतात त्याहून जास्त संख्येने जगल्या. दोन्ही एकत्र दिले तर परिणामांची बेरीज झाली. एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या रोखल्या की पोटॅशियमचा फायदा गेला. मात्र आतलं कॅल्शियम ठराविक पट्ट्यात असेल तरच हा फायदा मिळतो. पट्ट्याच्या खाली आधार मिळत नाही, वर गेलं तर घात होतो.

बेरीज होते याचाच अर्थ दोन्ही वाटा बऱ्याच वेगळ्या आहेत. विद्युतदाबाची वाट कॅल्शियमवर चालणाऱ्या कायनेजांमधून जाते, न्यूरोट्रॉफिनची ईआरके आणि एकेटीमधून. त्या भेटतात पेशीकेंद्रकात, क्रेब या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनापाशी. स्पायरल गँग्लियनच्या पेशी स्वतःही बीडीएनएफ बनवतात आणि ते बनणं क्रेबवर अवलंबून असतं.

यात एक विरोध आहे आणि तो लपवू नये. ज्या सततच्या कॅल्शियम-प्रवेशाने पेशी जगते, त्यानेच तिच्या तंतूंची वाढ खुंटते. अनेक प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या आणि कॅल्पेन हे प्रथिनं तोडणारं विकर यात गुंतलेलं आहे. म्हणून ‘किती पेशी जगल्या’ आणि ‘तंतू किती लांब झाले’ हे आकडे वेगवेगळे मोजा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

दीर्घकाळ बीडीएनएफ किंवा एनटी-३ दिल्यावर काय बदलतं?

पेशीचा स्वभावच बदलतो. जन्मानंतरच्या उंदरांच्या पेशींत बीडीएनएफने पेशी ‘झटपट थांबणाऱ्या’ होतात. उत्तेजन चालू असतं, पेशी एक-दोन ठिणग्या (विद्युत-संकेत) देऊन गप्प होते. कॅल्शियमवर उघडणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या आणि केव्ही१.१, केव्ही३.१ या व्होल्टेजवर उघडणाऱ्या पोटॅशियम वाहिन्या वाढतात. एनटी-३ ने उलट, पेशी जास्त वेळ फायरिंग करत राहते. कॉक्लियाच्या तळाकडच्या, म्हणजे उंच स्वरांच्या पेशी नैसर्गिकरीत्या पहिल्या तऱ्हेच्या आणि शिखराकडच्या दुसऱ्या तऱ्हेच्या असतात.

कॅल्शियम मोजणाऱ्याला याचा थेट फटका बसतो. चार दिवस बीडीएनएफमध्ये ठेवलेली पेशी विजेच्या उत्तेजनाला कमी कॅल्शियम दाखवेल, ते कदाचित वाहिन्या कमी झाल्यामुळे नसेल, ठिणग्याच कमी पडल्यामुळे असेल. शिवाय तळ आणि शिखर इथल्या पेशी एकाच डिशमध्ये मिसळल्या तर सरासरीला अर्थ उरत नाही. गँग्लियन कापतानाच दोन भाग वेगळे ठेवा.

कल्चर (डिशमध्ये वाढवलेल्या पेशी) कसं लावायचं?

भारतात सर्वांत आधी संस्थेच्या प्राणी-नीतिशास्त्र समितीची मंजुरी आणि सीसीएसईएची नोंदणी लागते. सीपीसीएसईए या जुन्या नावाने अनेकजण तिला ओळखतात.

पिल्लं ३ ते ६ दिवसांची घ्या, त्या वयात कॉक्लियाभोवतीचं हाड मऊ असतं. थंड द्रावात हाडाचं कवच काढा, स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस आणि ऑर्गन ऑफ कॉर्टी सोलून टाका, मधला खांब म्हणजे मोडिओलस ठेवा. ट्रिप्सिन आणि कोलॅजिनेज प्रत्येकी ०.१ टक्का, ३७ अंशांवर १५ ते २० मिनिटं. मग सीरमने थांबवून बारीक टोकाच्या पिपेटने हळूच वरखाली करा. बुडबुडे झाले की पेशी गेल्या समजा. काचेवर आधी पॉली-ऑर्निथिन किंवा पॉली-लायसिन, त्यावर लॅमिनिन. माध्यमात एन-२ किंवा बी-२७ हे पूरक मिश्रण आणि बीडीएनएफ, एनटी-३ प्रत्येकी ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर.

नेहमीचं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन टाकू नका. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, निओमायसिन ही अमिनोग्लायकोसाइड औषधं केसपेशींना विषारी आहेतच. शिवाय निओमायसिन पीआयपी-२ ला चिकटतं आणि कॅल्शियम वाहिन्याही रोखतं. म्हणजे जी वाट मोजायची तिच्यातच अडथळा. जंतुसंसर्गाची भीती असेल तर नुसतं पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन वापरा.

बीडीएनएफची कुपी कशी वापरायची? प्रत्येक वेळी परिणाम वेगळा येतो.

हे प्रथिन प्लॅस्टिकला आणि काचेला चिकटतं. वाहक प्रथिनाशिवाय पातळ केलंत तर अर्धंअधिक नळीच्या भिंतीवरच राहू शकतं. १० मायक्रोग्रॅमच्या कुपीत ०.१ टक्का बीएसए (बोवाइन सीरम अल्ब्युमिन, हेच वाहक प्रथिन) असलेला १०० मायक्रोलिटर द्राव घाला, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा होतो. कमी चिकटणाऱ्या नळ्यांत छोटे वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवू नका.

५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरसाठी दर मिलिलिटरला फक्त ०.५ मायक्रोलिटर साठा लागतो आणि एवढं अचूक घेणं अवघड आहे. आधी दहा पट पातळ करून त्यातला ५ मायक्रोलिटर घ्या. दोन उपघटकांची जोडी सुमारे २७ किलोडाल्टन धरली, तर ही मात्रा साधारण १.९ नॅनोमोलर होते. कुपीतलं प्रथिन परिपक्व बीडीएनएफच आहे याची खात्री करा. प्रो-बीडीएनएफ पी७५ ग्राही आणि सॉर्टिलिन यांच्यामार्फत पेशीला मृत्यूकडे ढकलू शकतं.

कॅल्शियम दाखवणारं रंगद्रव्य कोणतं आणि कसं भरायचं?

संथ आणि लहान वाढ मोजायची असल्यामुळे फ्युरा-२ बरं. ३४० आणि ३८० नॅनोमीटरने आळीपाळीने उत्तेजित करा, ५१० च्या आसपास मोजा. गुणोत्तर घेतल्यामुळे पेशीची जाडी आणि रंग कमी-जास्त भरल्याचा परिणाम बराच कटतो. फ्लुओ-४ उजळ आहे, पण एकाच तरंगलांबीचं. दहा मिनिटांच्या नोंदीत रंग उडाला की ती घट कॅल्शियमची वाटते.

फ्युरा-२ एएम (पेशीत शिरणारं एस्टर-रूप) २ ते ५ मायक्रोमोलर, ते विरघळवायला प्लुरॉनिक एफ-१२७ ०.०२ टक्का, अंधारात ३० ते ४५ मिनिटं, शक्यतो खोलीच्या तापमानाला. मग धुऊन आणखी ३० मिनिटं थांबा, म्हणजे एस्टरचे गट तुटतात. ३७ अंशांवर जास्त वेळ भरलं तर रंग पेशीतल्या कप्प्यांत शिरतो आणि पेशी ठिपकेदार दिसते. त्या पेशीचे आकडे घेऊ नका. रंग बाहेर गळतो म्हणून काहीजण प्रोबेनेसिड घालतात. ते पॅनेक्सिन वाहिन्या रोखतं आणि टीआरपीव्ही-२ उघडतं, हे ध्यानात ठेवून शक्यतो टाळा.

नोंद कोणत्या क्रमाने घ्यावी?

१. द्राव वाहता ठेवा, तापमान ३५ ते ३७ अंश. तीन ते पाच मिनिटं पायाची नोंद.
२. फक्त बीएसए असलेला नियंत्रण-द्राव त्याच वेगाने. इथे वाढ दिसली तर ती प्रवाहाच्या धक्क्याची आहे. पुढे जाण्याआधी ती दुरुस्त करा.
३. बीडीएनएफ किंवा एनटी-३, किमान १० मिनिटं, दर ५ ते १० सेकंदांनी एक चित्र.
४. १० मिनिटं धुणं.
५. ३० मिलिमोलर पोटॅशियम, १० ते १५ सेकंद, दर १ ते २ सेकंदांनी चित्र. झटकन उसळी देते ती जिवंत चेतापेशी.
६. शेवटी आयोनोमायसिन (पटलातून कॅल्शियम आत सोडणारं द्रव्य), कमाल गुणोत्तरासाठी.

पोटॅशियम वाढवताना तेवढंच सोडियम कमी करा. मूळ द्राव १४० मिलिमोलर सोडियम आणि ५ मिलिमोलर पोटॅशियमचा असेल, तर ११५ आणि ३०. हे विसरलं की परासरण-दाबाने पेशी आक्रसतात. आत पोटॅशियम १४० धरलं, तर ३७ अंशांवर पोटॅशियमचा समतोल-दाब उणे ८९ वरून उणे ४१ मिलिव्होल्टपर्यंत येतो.

पोटॅशियमची पायरी बीडीएनएफच्या आधी घेऊ नका. तिने भरलेले साठे पुढचा प्रतिसाद फुगवतात.

बीडीएनएफ दिला, रेषा सपाट. काय चुकलं?

बहुतेकदा माध्यम. पेशी आधीच ५० नॅनोग्रॅममध्ये वाढलेल्या असतात, ट्रक-बी पेशीच्या आत ओढला गेलेला आणि घटलेला असतो. मोजणीआधी काही तास न्यूरोट्रॉफिनशिवाय ठेवा. चार ते सहा तासांपासून सुरुवात करून पाहा. रात्रभर ठेवलं तर पेशी मरू लागतात. सीरमही काढा. श्वान पेशी (चेतातंतूंना वेढणाऱ्या आधारपेशी) भरपूर असतील तर त्या स्वतःच न्यूरोट्रॉफिन सोडत राहतात.

दुसरं कारण, साठे रिकामे. शून्य-कॅल्शियमच्या द्रावात पेशी फार वेळ ठेवली तर रेटिक्युलम ओस पडतं. शून्याचा प्रयोग दोन-तीन मिनिटांत आटपा. तिसरं, थंडी. खोलीच्या तापमानाला विकरांची साखळी मंदावते.

आणि काही पेशी प्रतिसाद देणारच नाहीत. किती पेशींनी दिला हा आकडा सरासरी उंचीइतकाच महत्त्वाचा आहे, तो नोंदवा.

उसळी आली, पण ती चेतापेशीचीच कशावरून?

स्पायरल गँग्लियनच्या पेशी गोल, चमकदार आणि बहुधा दोन टोकांना तंतू असलेल्या दिसतात. श्वान पेशी लांबट आणि चपट्या. एटीपीला दोघीही कॅल्शियम वाढवतात, म्हणून एटीपी हा ओळखीचा पुरावा नाही, पोटॅशियम आहे. नोंदीनंतर त्याच क्षेत्राला बीटा-३ ट्युब्युलिन या चेतापेशींच्या खुणेचा रंग द्या. पेरिफेरिन या प्रथिनावरून ‘दुसरा प्रकार’ ठरवण्याची घाई नवजात पेशींत करू नये, तेव्हा ते अनेक पेशींत असतं.

कोणते अवरोधक वापरावेत?

ट्रकसाठी के२५२ए, सुमारे २०० नॅनोमोलर. ते इतर कायनेजही रोखतं. म्हणून बीडीएनएफला बाहेरच पकडणारं ट्रक-बी-एफसी प्रथिन सोबत वापरा. पीएलसीसाठी यू-७३१२२ सर्रास वापरतात, पण त्याचे इतर परिणाम बरेच आहेत. निष्क्रिय भाऊ यू-७३३४३ शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. साठे रिकामे करायला थॅप्सिगार्जिन १ मायक्रोमोलर, १० ते १५ मिनिटं. सुरुवातीला तेच कॅल्शियम वाढवतं, ती वाढ उतरेपर्यंत थांबा.

एल-वाहिन्यांसाठी निफेडिपिन १० मायक्रोमोलर. ते प्रकाशाने, विशेषतः अतिनील किरणांनी मोडतं, आणि फ्युरा-२ ला तर आपण ३४०-३८० चाच प्रकाश देतो. ‘निफेडिपिनने काही झालं नाही’ या निष्कर्षामागे अनेकदा एवढंच असतं. निमोडिपिन तुलनेने टिकाऊ.

गुणोत्तर द्यावं की नॅनोमोलर?

न्यूरोट्रॉफिनच्या आधी-नंतरच्या तुलनेला गुणोत्तर पुरतं. जगण्याच्या ‘पट्ट्या’विषयी बोलायचं असेल तर नॅनोमोलर लागतं. त्यासाठी किमान गुणोत्तर १० मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं द्रव्य) आणि आयोनोमायसिनसह, कमाल गुणोत्तर भरपूर कॅल्शियमसह, त्याच भिंगाखाली आणि त्याच दिवशी मोजा. फ्युरा-२ चा बंधन-स्थिरांक ३७ अंशांवर २२४ नॅनोमोलर धरतात. पार्श्वभूमी वजा न करता काढलेलं गुणोत्तर कधीच वापरू नका.

एका डिशमध्ये साठ पेशी मोजल्या. संख्या ६० लिहू का?

नाही. एका डिशमधल्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. स्वतंत्र संख्या म्हणजे वेगवेगळ्या वेतांमधून (एका आईला एका वेळी झालेल्या पिल्लांमधून) लावलेली कल्चर. पेशी त्यांच्या आत वसलेल्या आहेत असं धरणारं मिश्र-परिणाम प्रारूप वापरा.

याचा ऐकू न येणाऱ्या माणसाला उपयोग कधी?

प्राण्यांमध्ये चित्र आशादायक आहे. मोठ्या आवाजाने केसपेशी शाबूत राहूनही त्यांचे चेतातंतूंशी असलेले सांधे कायमचे तुटतात, हे २००९ मध्ये उंदरांत दिसलं. २०१४ मध्ये आधारपेशींतून जास्त एनटी-३ बनवून, आणि २०१६ मध्ये राउंड विंडोमधून (कॉक्लियाच्या पटलाने झाकलेल्या छिद्रातून) एनटी-३ देऊन, असे सांधे काही प्रमाणात परत आणता आले. २०१४ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी गिनीपिगमध्ये कॉक्लियर इम्प्लांट या कानात बसवायच्या विद्युत उपकरणाच्याच इलेक्ट्रोडने वीज देऊन बीडीएनएफचं जनुक पेशींत घातलं आणि चेतातंतू पुन्हा वाढवले.

अडचणी दोन. हे प्रथिन मोठं आहे, गोळीवाटे कॉक्लियात पोचत नाही. म्हणून ‘बीडीएनएफ वाढवणाऱ्या’ पूरक गोळ्या ऐकू येण्यासाठी विकत घेऊ नका. दुसरी अडचण थांबवण्याची. बहिऱ्या केलेल्या प्राण्यांत पंपाने दिलेला बीडीएनएफ बंद करताच चेतापेशींची घट पुन्हा सुरू झाली, आणि ती वेगाने. इम्प्लांटच्या विद्युत उत्तेजनाची जोड दिल्यावर मात्र थांबवल्यानंतरही पेशी जास्त टिकल्या. कल्चरमध्ये विद्युतदाब आणि न्यूरोट्रॉफिन यांची बेरीज दिसते, तिच्याशी हे जुळतं. इम्प्लांट बसवलेल्या रुग्णाने ते रोज नियमित वापरावं असा ऑडिओलॉजिस्टचा आग्रह असतो. तो मुख्यतः मेंदूला नवा आवाज ओळखायची सवय लागावी म्हणून, आणि तो पाळावाच.